पन्नास सुरू करा, पाच दाखवा. बाकीच्या तोंडांचे काय?

गेल्या पावसाळ्यात एक बाई आपल्या मुलीला घेऊन माझ्या कार्यालयात आली. चार घरची धुणीभांडी करणारी, आमच्याच वस्तीतली. मुलगी सोळा वर्षांची, दातांवर तारा. बोलताना सारखा तोंडावर हात धरत होती. बाईने पिशवीतून केसपेपर काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "ताई, ही सातवीत होती तेव्हा तार लावली. आता अकरावीला गेली. चार डॉक्टर बदलले. जो येतो तो म्हणतो, मागच्याने असे का केले ते कळत नाही. यांना नोटीस पाठवा."

मी केसपेपर वाचले. दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयाचे कागद. चार वेगवेगळी अक्षरे, चार वेगवेगळ्या सह्या. मध्ये एकदा पाच महिने आणि एकदा आठ महिने काहीच नोंद नाही. एका ठिकाणी नुसते लिहिलेले, 'ट्रान्सफर केस'. मुलीच्या समोरच्या दातांवर, तारेच्या खाली, पांढरे डाग पडलेले होते. दाताला चिकटवलेली पट्टी वेळच्या वेळी तपासली नाही, तिच्याभोवती अन्न साचत राहिले, की दात असा किडायला सुरुवात होते. म्हणजे वाकडे दात सरळ करायला गेलेल्या पोरीचे चांगले दात खराब व्हायला लागले होते.

मी नोटीस पाठवली नाही. वीस वर्षे वकिली केल्यावर एवढे कळते, की नोटीस ज्याच्या नावाने जाईल तोच दोषी असतो असे नाही. पहिला डॉक्टर पास होऊन गेला. दुसराही गेला. तिसरीने बिचारीने तुटलेली तार दोनदा बदलली होती. चौथ्याला येऊन दोनच महिने झाले होते. चौघांनीही आपापले काम केले आणि तरीही मुलीचे नुकसान झाले. असे जेव्हा होते तेव्हा दोष माणसात नसतो, नियमात असतो. म्हणून मी नियम काढून वाचला. तो वाचल्यावर जे दिसले ते वाचकांसमोर ठेवते आहे.

दात आणि जबडा यांची ठेवण सुधारणाऱ्या शास्त्राला ऑर्थोडोंटिक्स म्हणतात. बीडीएस झाल्यावर तीन वर्षांचा एमडीएस अभ्यासक्रम करून या विषयाचा तज्ज्ञ होता येते. ही तीन वर्षे विद्यार्थी रुग्णालयात रुग्णांवर काम करीत शिकतो. या तीन वर्षांत त्याने काय करावे, हे भारतीय दंत परिषदेच्या २०१७ च्या एमडीएस नियमावलीत लिहिले आहे. विद्यार्थ्याने किमान ५० रुग्ण स्वतः सुरू करावेत. जुन्या विद्यार्थ्यांकडून आलेले किमान २० रुग्ण सांभाळावेत. दर वर्षी किमान पाच सेमिनार द्यावेत, जर्नल क्लबमध्ये शोधनिबंध मांडावेत. पहिल्या सहा महिन्यांत प्रबंधाचा आराखडा विद्यापीठाला सादर करावा आणि अंतिम परीक्षेच्या सहा महिने आधी प्रबंध पूर्ण करून द्यावा. आणि अंतिम परीक्षेत, उपचार केलेल्या किमान पाच रुग्णांच्या नोंदी परीक्षकांपुढे मांडाव्यात.

आता वकिलाच्या नजरेने हा नियम पुन्हा वाचा. पन्नास रुग्ण 'सुरू' करायचे आहेत. पूर्ण किती करायचे? मांडायचे आहेत पाच.

हिशेब साधा आहे. अभ्यासक्रम छत्तीस महिन्यांचा. सुरुवातीचे काही महिने विद्यार्थी तार वाकवायला, झाळायला, मेणात बसवलेल्या नकली दातांवर सराव करायला शिकतो. ते आवश्यकच आहे. त्यानंतर रुग्ण हातात येतात. पक्क्या तारेच्या उपचाराला साधारण दीड ते अडीच वर्षे लागतात. पन्नास रुग्ण एकाच दिवशी सुरू होत नाहीत; ते वर्ष-दीड वर्षात हळूहळू जमतात. म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या मध्यानंतर सुरू झालेला बहुतेक प्रत्येक रुग्ण त्या डॉक्टरच्या हातून पूर्ण होणारच नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलेले असते. नियम करणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. म्हणूनच तर २० हस्तांतरित रुग्णांची अट आहे. पण समजा, एका विभागातून तीन विद्यार्थी पास होऊन बाहेर पडले आणि प्रत्येकाच्या मागे तीस रुग्ण अर्धवट राहिले. नव्वद रुग्ण झाले. नव्या तिघांनी नियमाप्रमाणे प्रत्येकी वीस घेतले तर साठ झाले. उरलेले तीस कोणाचे? नियमाच्या दृष्टीने ते कोणाचेच नाहीत. एखादा प्रामाणिक विभागप्रमुख त्यांना वाटून देतो, आणि असे विभागप्रमुख आहेत. पण गरिबाचा हक्क कोणाच्या चांगुलपणावर का अवलंबून असावा?

आणि हे रुग्ण कोण आहेत? ज्याच्या खिशात पैसा आहे तो खासगी दवाखान्यात जातो. तिथे एकच डॉक्टर पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत असतो. महाविद्यालयाच्या ओपीडीत रांगेत बसतो तो रिक्षावाला, सफाई कामगार, शेतमजूर, धुणीभांडी करणारी बाई. डॉक्टरचा हात शिकतो तो यांच्या लेकरांच्या तोंडावर. माझा त्याला विरोध नाही. शिकल्याशिवाय डॉक्टर होत नाही आणि रुग्णाशिवाय शिकता येत नाही. पण ज्याच्या तोंडावर शिकलात त्याचे देणे लागता, हे नियमात कुठे तरी लिहिले पाहिजे.

काही वाचक म्हणतील, दात सरळ करणे हे श्रीमंतांचे चोचले आहेत, आपल्या समाजापुढे याहून मोठे प्रश्न आहेत. मीही पूर्वी असेच म्हणत असे. पण पुढे आलेले दात खेळताना पडल्यावर आधी तुटतात. जबडे जुळत नसतील तर नीट चावता येत नाही. आणि दुभंगलेला ओठ-टाळू घेऊन जन्मलेले मूल पाहिले आहे काय? ओठाची शस्त्रक्रिया लहानपणी होते, फोटो निघतो, सगळे विसरतात. पण त्या मुलाचा खरा प्रवास पुढे असतो. दुधाचे दात पडून पक्के येऊ लागले, की वरचा जबडा रुंद करायचा, हिरडीतील फटीत हाडाचे रोपण करण्याआधी दातांची जागा तयार करायची, वाढ संपल्यावर गरज पडली तर जबड्याची शस्त्रक्रिया. या प्रत्येक टप्प्यावर ऑर्थोडोंटिस्ट लागतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेल्या ओठ-टाळूचा समावेश आहे. शाळा-अंगणवाडीत मूल शोधले जाते. पण शोधलेल्या मुलाची पुढची दहा-पंधरा वर्षे कोण सांभाळणार? दर तीन वर्षांनी बदलणारा डॉक्टर?

बाहेरच्या देशांत काय करतात तेही पाहू. अमेरिकेत या शिक्षणाला मान्यता देणारी संस्था किमान २४ महिने आणि ३७०० तासांचे प्रशिक्षण मागते. विद्यार्थ्याने एक संशोधन स्वतः सुरू करून पूर्ण करावे, हेही त्यात आहे. युरोपात इरॅस्मस प्रकल्पाने १९९२ मध्ये तीन वर्षांचा, ४८०० तासांचा आराखडा सुचविला. तिकडेही डॉक्टर बदलतात, तिकडेही रुग्ण हस्तांतरित होतात. तेव्हा त्यांचे सगळे सोने आणि आपले सगळे पितळ असे मी म्हणत नाही. मुद्दा एवढाच, की तास मोजा वा रुग्ण मोजा, मोजमाप विद्यार्थ्याचेच होते. रुग्ण बरा होऊन घरी गेला की नाही, हे मोजायला कोणी बसलेले नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. आमच्या एका सहकाऱ्याचा मुलगा हाच अभ्यासक्रम करतो आहे. त्यांच्या घराण्यातला पहिला डॉक्टर. मी त्याला त्या मुलीची हकीकत सांगितली तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "मावशी, माझ्याकडेही असे रुग्ण आहेत. पण मी काय करू?" मग त्याने जे सांगितले ते ऐकण्यासारखे होते. पन्नास रुग्णांचा आकडा भरायचा असतो. तारेचे साहित्य महाग. रुग्णाला पैसे भरणे जमले नाही तर तो येणे बंद करतो आणि आकडा मोडतो. मग विद्यावेतनातून रुग्णाचे पैसे हाच भरतो. रुग्ण गावाहून येतो, एका फेरीत त्याची मजुरी बुडते; म्हणून एसटीच्या भाड्यालाही पैसे देतो. ज्याचा बाप दवाखान्याचा मालक आहे त्याला हे जड जात नाही. ज्याने फ्रीशिपवर शिक्षण घेतले, ज्याला विद्यावेतनातून घरीही पाठवायचे आहे, त्याने काय करावे?

म्हणजे नियम कागदावर सर्वांना सारखा आहे आणि व्यवहारात गरीब घरच्या विद्यार्थ्याला दुप्पट जड आहे. ५० आकडा सारखाच, पण तो भरायची ताकद सारखी नाही. समान नियम म्हणजे समता नव्हे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

प्रबंधाचेही तसेच. सहा महिन्यांत आराखडा द्यायचा. ज्याने आयुष्यात कधी संशोधन पाहिले नाही, त्याने सहा महिन्यांत विषय शोधायचा, इंग्रजीत लिहायचा, नैतिकता समितीची मंजुरी घ्यायची. मग काय होते? गाईड विषय देतो, जुना प्रबंध समोर ठेवतो, त्यात थोडा फेरफार होतो. संख्याशास्त्र बाहेरून पैसे देऊन करून घेतले जाते. तीन वर्षांनी बांधीव प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जातो आणि कपाटाला कुलूप लागते. याला संशोधन म्हणायचे काय?

शिवाय विद्यार्थ्याचे सगळे भवितव्य एका गाईडच्या सहीवर टांगलेले असते. रुग्ण वाटून देणारा तोच, प्रबंधावर सही करणारा तोच. त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करील? २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी आपले जीवन संपवले. स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेणारी आदिवासी समाजातील ती मुलगी. वरिष्ठ सहकारी डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, तीन डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. तो विभाग वेगळा, शास्त्र वेगळे. पण पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणात वरिष्ठाच्या हाती कनिष्ठाचे किती काही असते, हे त्या घटनेने साऱ्या देशाला दाखविले. काम मिळणे, शिकायला मिळणे, सही मिळणे हे जिथे एकाच हातात असते, तिथे छळाला वेगळे शस्त्र लागत नाही.

आता संशोधनाच्या आतल्या गोष्टीकडे येऊ, कारण इथे आपला थेट संबंध आहे. ऑर्थोडोंटिक्सचा पाया मोजमापावर आहे. डोक्याच्या बाजूने क्ष-किरण चित्र काढतात, त्यावर रेषा आखून कोन मोजतात आणि ठरवतात, की हा जबडा पुढे आहे, हा मागे आहे. पण 'पुढे' आणि 'मागे' कोणाच्या तुलनेत? या शास्त्राचे जनक मानले जाणारे अमेरिकेचे एडवर्ड अँगल सुंदर चेहऱ्याचा नमुना म्हणून अपोलो या ग्रीक देवाच्या पुतळ्याकडे बोट दाखवीत. पुढे १९४८ मध्ये डाऊन्स या शास्त्रज्ञाने कोनांची मापे प्रसिद्ध केली. ती चांगली दंतरचना असलेल्या अवघ्या २० गोऱ्या मुलामुलींवरून घेतलेली होती. ही मापे जगभर शिकवली गेली. आजही आपल्या महाविद्यालयात मेळघाटातल्या कोरकू मुलाचे चित्र टेबलावर येते तेव्हा त्याच्याशेजारी त्या वीस जणांचे आकडे लिहिले जातात.

त्याच १९४८ साली बाबासाहेबांचा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाची मापे घेऊन जातींची वंशानुसार उतरंड लावली होती. बाबासाहेबांनी मोजमाप नाकारले नाही. त्यांनी तेच मोजमाप हातात घेतले आणि दाखवून दिले, की या मापांवर विश्वास ठेवायचा तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. अस्पृश्यतेचे मूळ वंशात नाही. संशोधन कसे करावे याचा हा धडा आहे. आकडा खोटा नसतो; तो कोणाचा घेतला आणि त्यातून काय काढले, हे तपासायचे असते.

गेल्या काही दशकांत आपल्याकडे भारतीय, महाराष्ट्रीय चेहऱ्याची मापे काढणारे प्रबंध झाले. चांगली गोष्ट आहे. पण नमुना म्हणून बहुधा महाविद्यालयातलेच विद्यार्थी घेतले जातात, कारण ते हाताशी असतात. मग 'महाराष्ट्रीय चेहरा' म्हणजे दंत महाविद्यालयात पोहोचू शकलेल्यांचाच चेहरा. ऊसतोड मजुराचा चेहरा महाराष्ट्रीय नाही काय? नंदुरबारचा भिल्ल महाराष्ट्रीय नाही काय?

आणि विषयांचा काय दुष्काळ आहे? यवतमाळ, चंद्रपूर भागात विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त. तिथल्या मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात आणि अशा दातांवर तारेची पट्टी नीट चिकटत नाही. यावर काम झालेले आहे, आणखी व्हायला हवे. किती रुग्णांनी उपचार मध्येच सोडला आणि का सोडला, हा तर विभागाच्या दारातच पडलेला विषय आहे. त्याला महाग यंत्र लागत नाही. केसपेपर लागतात आणि रुग्णाच्या घरापर्यंत जाण्याची तयारी लागते. असा प्रबंध आमच्या वस्तीतला विद्यार्थी सर्वांत चांगला लिहील, कारण त्याला तो पत्ता ठाऊक आहे.

यावर कोणी म्हणेल, तुम्ही दर्जा खाली आणायला निघालात. आरक्षणाचे नाव निघाले की गुणवत्तेचा गळा काढणारे याही वेळी काढतील. त्यांना सांगायचे, की आमची मागणी दर्जा वाढवण्याची आहे. सुरू केलेले पन्नास मोजण्यापेक्षा पूर्ण केलेले मोजणे ही अधिक कडक कसोटी आहे. आणि गुणवत्तेची एवढी चाड असेल तर या विषयाच्या जागा कोणाला मिळतात तेही पाहू. एमडीएसमध्ये ऑर्थोडोंटिक्स हा सर्वाधिक मागणीच्या विषयांपैकी एक. सरकारी विभागात जागा बोटांवर मोजण्याइतक्या. खासगी संस्थेत शुल्क लाखांत. २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने खासगी संस्थांत आरक्षणाचा मार्ग खुला केला. तरी खासगी अभिमत विद्यापीठांच्या दाराशी आपली मुले आजही उभीच आहेत.

मग करायचे काय? संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याच्या जागी तो आणला गेला आणि शिक्षणाचे नियम करण्याचा अधिकार आयोगाला दिला गेला. नियम नव्याने लिहायची संधी असते तेव्हा जो गप्प बसतो, त्याच्यावर दुसऱ्याने लिहिलेला नियम चालतो. माझ्या मते मागण्या या असाव्यात. सुरू केलेल्या रुग्णांबरोबर पूर्ण केलेल्या रुग्णांचीही किमान संख्या ठरवा. प्रत्येक हस्तांतरित रुग्णाची लेखी नोंद करा आणि त्याच्यासाठी एक कायम शिक्षक नावानिशी जबाबदार धरा; विद्यार्थी बदलतील, शिक्षक बदलणार नाही. दारिद्र्यरेषेखालील रुग्णाच्या साहित्याचा खर्च संस्थेने करावा, विद्यार्थ्याच्या विद्यावेतनातून तो होऊ नये. दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या मुलांवरील काम प्रत्येकाला सक्तीचे करा. गाईड बदलून मागण्याची सोय ठेवा.

आणि रुग्णाला मराठीत सांगा. समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि धोके यांची पुरेशी माहिती दिल्यावर मिळालेली संमती हीच खरी संमती. 'तुमचा डॉक्टर अमुक महिन्यात पास होऊन जाणार, नंतर दुसरा येणार' ही माहिती त्या बाईला चार वर्षांत कोणी दिली नव्हती. इंग्रजी छापील कागदावर अंगठा घेतला म्हणजे संमती झाली असे नव्हे.

आपल्या कार्यकर्त्यांनाही काम आहे. २००५ चा माहिती अधिकार कायदा आपल्या हातात आहे. जवळच्या सरकारी दंत महाविद्यालयाकडे अर्ज करा: गेल्या पाच वर्षांत किती रुग्ण सुरू झाले, किती पूर्ण झाले, किती हस्तांतरित झाले, किती सुटले. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे प्रबंधांच्या विषयांची यादी मागा. आणि वकील बंधू-भगिनींना विशेष सांगणे आहे. प्रत्येक संस्थेच्या नैतिकता समितीवर एक कायदेतज्ज्ञ आणि एक सामान्य नागरिक असावा लागतो. त्या खुर्च्यांवर आपली माणसे किती आहेत? तिथे बसून 'हा नमुना कोणाचा, याचा फायदा कोणाला?' एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ फरक पडेल.

त्या मुलीचे काय झाले? मी नोटिशीऐवजी विभागप्रमुखांना साधे पत्र लिहिले, केसपेपरच्या प्रती जोडल्या. आठ दिवसांत बोलावणे आले. एका प्राध्यापिकेने तिची जबाबदारी घेतली आणि दिवाळीनंतर तार निघाली. दात पुन्हा सरकू नयेत म्हणून रात्री घालायची क्लिपही दिली. मुलगी पेढे घेऊन आली, तेव्हा हात तोंडावर नव्हता. पेढा गोड लागला, पण घशाखाली सहज उतरला नाही. तिच्या आईला वकिलाचे घर ठाऊक होते म्हणून ती सुटली. त्याच ओपीडीच्या बाकड्यावर, हातात केसपेपर धरून बसलेल्या बाकीच्यांना कोणाचे घर ठाऊक आहे?